डाव्या पंखाखालची काडी

कात्रज, पुणे
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

भाग्यश्री,

मायन्याच्या जागी नुसतं नाव लिहितोय. 'प्रिय' लिहिलं तर तू पत्र तिथेच मिटशील, आणि 'सौ.' लिहावं तर गेल्या चौदा महिन्यांत तो शब्द अजून लागू आहे की नाही, हे मला कोणी कळवलेलं नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, तोवर हे असं.

तुझ्या आईंना फोन केला होता. सुशीलाबाईंनी बातमी त्यांच्या नेहमीच्या काटकसरीने दिली. "डावं मनगट मोडलंय, डोकं शाबूत आहे. तुमचं उलट असतं." आणि ठेवला फोन. बावीस वर्षांत जावयाबद्दलचं त्यांचं मत बदललेलं नाही. इतकी स्थिर माणसं हल्ली मिळत नाहीत.

बाकीचं आमच्याच पेपरात वाचलं. पान पाच, खालचा कोपरा. 'खासगी विमान उड्डाण घेताना धावपट्टी सोडून उसात, दोघे जखमी.' शेजारी दाताच्या दवाखान्याची जाहिरात, त्यातली बाई दोन्ही जबडे उघडून बातमीकडे बघून हसतेय. तुझा उल्लेख 'महिला वैमानिक' असा आहे. दुसरे जखमी म्हणजे तुझे ते संपतराव, पोल्ट्रीवाले, विमानाचे मालक. घोटा मोडला. जन्मभर न उडणाऱ्या पक्ष्यांवर पोट भरलेल्या माणसाने विमान घ्यावं, यावर एरवी मी लेख लिहिला असता. या वेळी लिहिणार नाही. (म्हणजे ओळ आत्ता लिहिलीच. सवय.)

दसऱ्याला मी घरीच होतो. शुक्रवारचा लेख अडला होता. बाहेर सोसायटीतले सगळे आपापल्या स्कूटरी धुऊन त्यांना हार घालत होते, हळदकुंकू लावत होते, आणि मी खिडकीत बसून दरवर्षीप्रमाणे त्यांना हसत होतो.

मनगटाला प्लास्टर आहे की नुसती पट्टी? उसातून बाहेर आलीस तेव्हा तू डावा हात उजव्या हातात असा धरला होतास, जसं दुसऱ्याचं मूल धरतात, अवघडून. म्हणजे धरला असशील. मनगट मोडल्यावर माणूस तसाच धरतो. एक बूट उसातच राहिला म्हणे.

बातमीची शेवटची ओळ मी चार वेळा वाचली. 'चौकशी पूर्ण होईपर्यंत संबंधित वैमानिकास उड्डाणाची परवानगी नसेल.' चाळिसाव्या वर्षी तू तो धूळ खात पडलेला परवाना पुन्हा मिळवलास. निम्म्या वयाच्या मुलांशेजारी बसून परीक्षा दिल्यास. विमान काढून घेतलं तर तुझ्याकडे मी उरतो, आणि तो पर्याय तू आधीच नाकारला आहेस.

काही लागलं तर कळव. लोणी काळभोरला भाड्याच्या खोलीत एका हाताने भाकरी कशी करतेस?

ज्ञानदेव


मंगळवार, १४ ऑक्टोबर

भाग्यश्री,

उत्तर नाही. ठीक आहे. मी अपेक्षा केली नव्हती, फक्त रोज खाली जाऊन पत्रपेटी बघितली. आमच्या इमारतीत ती पेटी उघडणारा मी एकटाच उरलोय. बाकीच्यांच्या पेट्यांत पालींचे संसार आहेत.

काल संपतरावांचा फोन आला. माझा नंबर त्यांनी पेपरातून मिळवला.

"ओ सर, तुमचा तो मॅडमवरचा लेख आहे ना, आम्ही घरी मोठ्यांदा वाचला होता. लई हसलो होतो तेव्हा. त्याचं कात्रण चौकशीच्या साहेबांना दिलंय. तुमची हरकत नसावी म्हणून फोन."

"कुठलं कात्रण?"

"आता कुठलं म्हणजे! टेक-ऑफच्या आधी मॅडमचे हात थंड पडतात, ते."

मी नुसतं 'हं' म्हणालो. त्यांना ते संमतीसारखं वाटलं असावं. पुढे त्यांनी सगळं सांगितलं. दसरा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक. विमान घेतल्यावर पहिलं उड्डाण त्याच दिवशी करायचं म्हणून ते अडून बसले. सकाळी त्यांनी विमानाला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. तू येऊन सगळा हार काढायला लावलास, कुंकूसुद्धा पुसलंस, त्यावरून तुमची जुंपली. "लक्ष्मीला नागवं करून उडवायचं का, असं म्हणालो मी मॅडमना." मग तू विमानाभोवती फिरून सगळं तपासलंस, वहीत सही केलीस आणि निघालात. धावपट्टीच्या निम्म्यावर आलात तरी वेगाचा काटा जागचा हलेना. तू इंजिन आवरलंस, ब्रेक दाबले, पण धावपट्टी संपली आणि ऊस सुरू झाला.

"आणि नळीत काय निघालं माहीत आहे? देठ. झेंडूचं. हार काढला म्हणतात, मग देठ कसं राहिलं? बघितलंच नाही त्यांनी. घाबरलेला माणूस काय बघणार, सर? तुम्हीच लिहिलंय की."

ती नळी मला माहीत आहे. पंखाखाली पुढे तोंड करून असते. वारा तिच्यात शिरतो आणि आत काट्याला वेग कळतो. तू एकदा चहाच्या टेबलावर बॉलपेनचं टोपण तोंडासमोर धरून, फुंकर मारून मला समजावलं होतंस. मी तेव्हा म्हणालो होतो, एवढ्या मोठ्या विमानाचा जीव एवढ्या भोकात? तू म्हणालीस, माणसाचाही तेवढ्यातच असतो.

आता त्या लेखाबद्दल. चौदा महिन्यांत मी त्यावर बोललो नाही, कारण तू ऐकायला थांबली नाहीस. थांबली असतीस तरी मी बहुधा विनोदच केला असता.

आपण तळ्याला फेरी मारत होतो. तू अगदी सहज म्हणालीस, "खरं सांगू? अजूनही उडायच्या आधी माझे हात थंड पडतात." आणि पुढे म्हणालीस, "म्हणून मी सगळं दोनदा तपासते. एकदा विमानासाठी, एकदा माझ्यासाठी."

मी पहिलं वाक्य छापलं. दुसरं गाळलं. जागेसाठी नाही, भाग्यश्री. जागा होती. दुसऱ्या वाक्याने हशा मरत होता.

सगळं पुणं हसलं. तुझ्याकडे विमान चालवायला शिकणाऱ्या दोन मुलांच्या आयांनी त्यांची नावं काढून घेतली. तू दोन बॅगा भरल्यास. दारात एवढंच म्हणालीस, "तुला खाजगी काही सांगता येत नाही. तुझ्याकडे खाजगी असं काही नसतंच." त्यावरही मला तेव्हा एक उत्तर सुचलं होतं. ते दिलं नाही, ही त्या दिवसातली माझी एकमेव चांगली गोष्ट.

आणि आता तेच अर्धं वाक्य कोणाच्या तरी फायलीत लागलंय. तू आजवर जे कमावलंस ते माझ्या एका विनोदाने जाणार.

तू ती नळी तपासली होतीस. मला माहीत आहे. दोनदा तपासली होतीस.

ज्ञानदेव


बुधवार, २२ ऑक्टोबर, पाडवा

भाग्यश्री,

मागच्या पत्रात शेवटी लिहिलं, 'मला माहीत आहे.' ते तुला खटकलं असेल. तुझं लक्ष अशा ठिकाणी बरोबर जातं. मला कसं माहीत, हे लिहायला आठ दिवस लागले.

आज सकाळपासून जिन्यात तेलाचा, उटण्याचा वास. समोरच्या घरात नवऱ्याला ओवाळायचं चाललं होतं, आणि ताटात काय टाकायचं यावरून दोघं हळू आवाजात भांडत होती. तू ओवाळायचीस तेव्हा मनगटावरचं घड्याळ काढायची नाहीस. दिवा माझ्या तोंडाभोवती फिरायचा आणि त्याच्या मागे तुझं घड्याळ. मी दरवर्षी म्हणायचो, बाई, माझं आयुष्य मोजतेस की वेळ? आज तेच आठवून इतका वेळ नुसता बसून राहिलो की चहा दोनदा गरम करावा लागला.

दसऱ्याला मी घरी नव्हतो. मी धावपट्टीवर आलो होतो.

सोनं द्यायला आलो होतो. आपट्याची पानं. हसू नकोस. मी वीस वर्षं दरवर्षी दसऱ्याला लोकांच्या सोनं वाटण्यावर लिहितो; वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं त्या दिवशी झाडाची दोन पानं हातात देऊन मोकळी होतात, असं लिहिलंय मी, गेल्याच वर्षी. या वर्षी मंडईत गेलो आणि पानं घेतली. खरी आपट्याची. आजकाल कांचनाची पानं आपटा म्हणून गळ्यात मारतात आणि तू ती ओळखतेस, म्हणून तीन ठिकाणी नाकारून चौथ्या ठिकाणी घेतली. डहाळीसकट.

स्कूटरने लोणीपर्यंत आणि पुढे उसाउसातून. गेटवर गेनबा होता. सहा वर्षांत मी तुला डबा द्यायला दोनदाच आलो होतो, पण त्याने ओळखलं. "म्याडमचे मिस्टर ना? जा की आत. घरचं मानूस, तुमचं नाव काय लिवायचं?" वहीत नोंद केली नाही.

तू दूर होतीस, कार्यालयाच्या दारात, वहीत सही करत होतीस. संपतराव काहीतरी सांगत होते आणि तू हसत होतीस. तुझं ते हसू मी विसरलो नव्हतो, पण ते माझ्याशिवाय इतकं छान चालू असेल याची तयारी केली नव्हती. पाय पुढे पडेनात. पत्रात बघ कसा धाडसी असतो मी.

विमान मध्ये उभं होतं, एकटंच. वाटलं, हातात देता येत नसेल तर तिथे ठेवू. तुला दिसेल. तू ओळखशील. दार उजव्या बाजूला, ते लावलेलं. पंखावर ठेवली तर वाऱ्याने जातील. विमानावरून पानं वाऱ्याने उडून जाऊ नयेत म्हणून मी जागा शोधत होतो, हे वाक्य पुन्हा वाच; तुझ्या नवऱ्याची एवढी अक्कल. डाव्या बाजूला गेलो. वाकलो. पंखाखाली एक नळी, पुढे बारीक भोक. उदबत्तीच्या घराइतकंच. डहाळीची एक काडी मोडली, दोन पानं असलेली, आणि खोचली. घट्ट बसली. मला बरंसुद्धा वाटलं.

ही तीच नळी आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. टोपणाला फुंकर मारतानाचं तुझं तोंड मला आठवतं. तू काय सांगत होतीस, ते तेव्हा आठवलं नाही.

आणि शपथेवर सांगतो, मी स्वतःला म्हणालो, तिला नक्की सापडेल, ती सगळं दोनदा तपासते. तुझं दोनदा तपासून झालं होतं. मी तिसऱ्यांदा आलो.

पुढचं मी गेटवरून बघितलं. गेनबाने चहा दिला होता. उजव्या बाजूने तुम्ही आत चढलात, डावीकडे कोणी आलं नाही. पानं पहिल्याच झोतात तुटून गेली असतील, काडी आत राहिली. विमान आवाज करत निघालं आणि मग आवाज एकदम खाली आला. ऊस दोन्ही बाजूंना झुकला. पुढचं चाक मोडल्याचा आवाज आला, मग काही नाही.

गेनबा पळाला. मीही पळालो, अर्ध्यापर्यंत. तू उसातून बाहेर आलीस, एका पायात बूट, हात असा धरून. जिवंत. मी थांबलो. गेनबा वळून ओरडला, "सायेब, म्होरं या की! मालकीण हाय तुमची!"

मी मागे फिरलो. स्कूटर सुरू केली आणि घरी आलो.

माझ्या नावाच्या माणसाने म्हणे भिंत चालवली होती. मी चालतं विमान थांबवलं.

ज्ञानदेव


गुरुवार, ३० ऑक्टोबर

भाग्यश्री,

पाडव्याचं पत्र तुला मिळालं असणार. ते तू चौकशीच्या साहेबांपुढे ठेवलं असतंस तरी चाललं असतं. तू ठेवलं नाहीस, हे गेनबाकडून कळलं. तू साहेबांना पुन्हा तेच सांगितलंस: नळी मी तपासली होती, स्वच्छ होती. माझं नाव घेतलं नाहीस. का नाही घेतलंस? मी स्वतः येतो की नाही, ते बघायचं होतं का?

आठ दिवस मी आलो नाही. स्वतःला सांगत होतो, माझं जाऊ दे, गेनबाचं काय? नोंद न करता माणूस आत सोडला म्हणून त्याची नोकरी जाईल. गरिबाच्या पोटावर पाय कसा देऊ? फार उदात्त वाटत होतं. काल जाऊन त्यालाच हे ऐकवलं. तो गेटजवळच्या आपल्या गोठ्यात म्हैस धूत होता. ऐकून घेतलं, बादली खाली ठेवली.

"सायेब, तुमी माझ्या नोकरीच्या आड दडू नका. लई बारीक हाय ती, तुमी मावनार न्हाई."

मी म्हणालो, "अरे, पण काढतील तुला."

"काढूद्यात. मला चार म्हशी हायेत. म्याडमला काय हाय? येकच इमान हाय, त्ये बी लोकाचं." मग पुन्हा म्हशीकडे वळला. "त्या रोज येत्यात इथं. माहीत हाय का तुमाला? हात गळ्यात बांधून. त्या धावपट्टीच्या कडंला बसत्यात अन् बघत्यात. इमान न्हाई तर काय बघत्यात, द्येव जाणे."

मला माहीत नव्हतं.

तिथून सरळ चौकशीच्या साहेबांना फोन लावला. सोमवारी अकरा वाजता बोलावलंय. एका वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, "परवानगीशिवाय आत शिरणं, विमानाशी छेडछाड, वर जखमी. तू गप्प बस. झेंडूचा देठ आहे, झेंडूचाच राहू दे." चांगला वकील आहे. त्याचा सल्ला मी घेणार नाही.

संपादक विक्रमला सुट्टीसाठी कारण सांगावं लागलं. तो चौतीस वर्षांचा आहे, मला सर म्हणतो आणि माझे लेख कापतो. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "सर, सॉरी टु से, पण काय पीस आहे हा! रविवारचं फुल पेज देतो. दसरा, सोनं, विमान. तुम्ही स्वतःवर लिहा, वहिनींचं नावही नको."

मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "लोकांना तुम्ही आणखी आवडाल." बरोबर बोलला. म्हणूनच नाही म्हणालो.

सोमवारी तूही असशील का?

ज्ञानदेव


मंगळवार, ४ नोव्हेंबर

भाग्यश्री,

कालचं जे तुझ्यासमोर झालं ते मी तुलाच का लिहितोय? तू जे म्हणालीस ते मला ऐकू आलं, एवढं तुला कळावं म्हणून.

आत दोघे साहेब होते, कोपऱ्यातल्या खुर्चीत तू. माझा जबाब चाळीस मिनिटं चालला. काडी कुठल्या हाताने मोडली, किती लांब होती, विमानाचं तोंड कुठे होतं. मी सांगितलं, झेंडूचा देठ मऊ असतो, दाबला तर चुरगळतो. ही आपट्याची आहे, लाकडासारखी, तपासून घ्या. थोरल्या साहेबांनी फाइलमधून प्लास्टिकची पुडी काढली आणि उजेडात धरली. धाकट्याने ते कात्रण पुढे सरकवलं. "हे तुमचंच ना?"

"माझंच. पण अर्धं आहे."

मग मी त्यांना गाळलेलं वाक्य सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. लिहिताना माझ्याकडे बघितलंही नाही. तुझं ते वाक्य पहिल्यांदा कागदावर उतरलं ते असं, सरकारी निळ्या शाईत, आणि त्यावर कोणी हसलं नाही.

संपतराव बाहेर बाकावर होते, पाय पुढे पसरून. मला बघून म्हणाले, "तुमीच खोचली व्हय? अन् मी उगं मॅडमच्या मागं लागलो. माझा हार काढायला लावला तेव्हा बोललो नाही का मी, हार राहू द्या. हार असता तर तुम्हाला खोचायला जागा तरी राहिली असती का?" यावर तू हसलीस. थोडंसं. मला दिसलं.

मग तू व्हरांड्याच्या टोकाला उभी राहिलीस आणि मी तिथे आलो.

"पंख जमिनीपासून केवढा वर आहे?" तू विचारलंस.

"मांडीइतका."

"म्हणजे वाकावं लागलं. तुझी कंबर?"

"दोन दिवस दुखली."

"बरं झालं."

मी विचारलं, पत्रं मिळाली का. चारही, म्हणालीस. वाचलीस का. वाचली.

"छान लिहिली आहेस," तू म्हणालीस. मी काही बोलायच्या आत हात वर केलास, प्लास्टरचा. "तेच तर, ज्ञानदेव. माझं मनगट मोडलं आणि तू पहिल्याच पत्रात दाताच्या दवाखान्याची जाहिरात घातलीस. मी मरता मरता वाचले, त्यात भिंत चालवलीस. तुझ्या प्रत्येक पत्रात एक हसणारा माणूस बसलेला असतो. तू त्याला लिहितोस. मी शेजारी असते."

मी म्हणालो, "खरं सांगितलं ना पण सगळं?"

"सांगितलंस. आज आत सांगितलंस ते जास्त खरं होतं. तिथे कोणी हसणारं नव्हतं."

खाली सुशीलाबाई रिक्षात बसल्या होत्या. त्यांनी मला बघून रिक्षावाल्याला चल म्हटलं, तू अजून चढायची होतीस तरी.

गेनबाला गेटवरून काढलं. विमानांच्या शेडमध्ये झाडलोटीला ठेवलंय. तो म्हणतो सावली चांगली हाय. माझं काय करायचं ते ठरायचं आहे. बोलावलं की जाईन.

ज्ञानदेव


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

भाग्यश्री,

गेनबाने फोन केला. निकाल तुझ्या बाजूने लागला, परवाना परत मिळाला. प्लास्टर निघालं. उद्या सकाळी तू उडणार आहेस.

मी येणार नाही. लांबून बघायलाही नाही.

गेल्या तीन आठवड्यांत तुला पाच पत्रं लिहिली आणि फाडली. प्रत्येकात दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला तो माणूस येऊन बसला. हे सहावं आहे. छोटं ठेवतोय.

तू पुन्हा उडायला लागलीस त्याला सहा वर्षं झाली. तू घर सोडून जाईपर्यंत रोज, तू बाहेर पडलीस की मला भीती वाटायची. तू परत येऊन चप्पल काढेपर्यंत वाटायची. चप्पल कोपऱ्यात पडल्याचा आवाज आला की मी वर न बघता लिहीत असल्याचं दाखवायचो. मी तुला ते एकदाही सांगितलं नाही. तू मात्र मला तुझं सांगितलंस, तळ्याकाठी. माझ्यापेक्षा तुला ते जमलं, याचा मला राग आला होता असं आता वाटतं. माझी भीती लपवायला मी तुझी छापली.

तुझ्याबद्दल पुन्हा कधी लिहिणार नाही, हे विक्रमला लेखी दिलंय.

उद्या दोनदा तपास. तुला सांगायची गरज नाही, तरी लिहितोय.

खूप आठवण येते. सकाळी जास्त येते. तुझ्या बाजूच्या खिडकीचा पडदा मी अजून तूच सरकवशील म्हणून तसाच ठेवतो, मग दहाला सरकवतो.

ये असं म्हणत नाही. संध्याकाळी सहानंतर मी घरी असतो.

ज्ञानदेव